जुनं दोन इंजिनांचं सेनेका विमान घेतलंत? आधी एका इंजिनावर उडायला शिका

विमान ताब्यात आलं, लॉगबुकं मेकॅनिकच्या नजरेखालून गेली, विमा उतरवला, हे धरून चालतो. लॉगबुकं न बघताच पैसे मोजले असतील, तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावरून पायपर सेनेका २ उडवतो. तुमचं विमान बॅरनसारखं दुसरं दोन इंजिनांचं असेल तर आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

सोप्या गोष्टी आधी. टाकीत किती इंधन आहे ते काट्यावर विसंबू नका, झाकण उघडून बघा. नाकातला हीटर उतरल्यावर बंद करा, पण त्याचा पंखा आणखी दोन मिनिटं फिरू द्या. दोन प्रोपेलरांचा सूर कानाने जुळवा. घूं-घूं असा हेलकावा थांबला की झालं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा लीव्हर, झटक्यात ढकलू नका. मॅनिफोल्ड प्रेशरची, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाची, मर्यादा ४० इंच आहे, थोडं अलीकडेच थांबा. वेग वाढतो तशी सुई आपणहून वर सरकते.

आता खरं दुखणं. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षा, हे विकणाऱ्याचं गणित. विमान नुसतं हवेत राखायलाच बरीच ताकद लागते, चढायला मिळते ती वरकड. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, चढण्याची क्षमता मात्र साधारण ८० टक्के जाते. ६१ नॉट किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या (म्हणजे पंखांची उचल सुटणाऱ्या), ६,००० पौंडांपर्यंतच्या विमानाला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या जुन्या नियमांत नव्हती. टर्बोमुळे डेन्व्हरच्या उंचीवरही इंजिनाची ताकद टिकते, पण पंखांना आणि प्रोपेलरला तीच पातळ हवा मिळते. म्हणून उन्हाळ्यात दुपारी मी मागच्या सीटवर कोणालाही बसवत नाही. पाहुणे रुसतात. रुसू देत.

शिकताना प्रशिक्षकाने भरपूर उंचीवर उजवं इंजिन बंद केलं आणि माझा हात डाव्या इंजिनाच्या लीव्हरवर गेला. मी काटे बघत बसलो होतो. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरतच राहतो, त्यामुळे आरपीएमची सुई जवळपास हलली नव्हती. काटे नकोत, पाय बघा. रडरचं पेडल दाबून नाक सरळ ठेवताना ज्या पायाला जोर लागत नाही, त्या बाजूचं इंजिन गेलेलं असतं. मग त्याच बाजूचा थ्रॉटल हळूच मागे घ्या. काहीच बदललं नाही तर खात्री पटली, आता प्रोपेलर फेदर करा, म्हणजे पाती वाऱ्याला धार करून वळवा. फार रेंगाळूही नका: ८०० आरपीएमच्या खाली गेल्यावर आतल्या खिळ्या अडकतात आणि पाती वळतच नाहीत.

पण या सगळ्याच्या आधी नाक खाली करा. वेगाच्या काट्यावरची निळी रेघ, ८९ नॉट: एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग. चालू इंजिनाच्या बाजूला पाच अंशांपर्यंत कल. लाल रेघ, म्हणजे एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याचा किमान वेग, ६६ वर आहे. तिच्याखाली गेलात आणि चालू इंजिन पूर्ण ताकदीवर असेल, तर तेच तुम्हाला उलटं करेल. तसं होऊ लागलं तर त्याचाही थ्रॉटल मागे घ्यायचा, मनाला कितीही जड गेलं तरी.

उड्डाणाआधी प्रत्येक वेळी हे मोठ्याने म्हणा: 'चाकं खाली असतील तर दोन्ही थ्रॉटल मागे, सरळ पुढे उतरणार. चाकं वर गेली असतील तर ८९. ८९ टिकत नसेल तर पंख सरळ ठेवून समोरच्या मोकळ्या जागेत.' मी मराठीतच म्हणतो. शेजारी बसणाऱ्या बायकोला आता ते पाठ झालंय, एखादा शब्द गळला तर तीच टोकते. समोर धावपट्टी उरलेली असताना चाकं वर घेण्याची घाई करू नका, नाहीतर पहिल्या वाक्याला अर्थच उरत नाही.

सराव दर तीन महिन्यांनी, प्रशिक्षकासोबत, जमिनीपासून किमान ३,००० फुटांवर. आणि तो प्रशिक्षक सेनेकावर तास काढलेला हवा. धावपट्टीवरून उठताच खरंच मिक्स्चरचा, म्हणजे इंधन तोडणारा, लीव्हर ओढून इंजिन बंद करणारा भेटला, तर उतरल्यावर त्याचे पैसे द्या आणि दुसरा शोधा.