मानेच्या बाबतीत या चुका टाळा : उचलायची घाई आणि सलूनातला झटका

तालुक्याच्या गावी फिजिओचं काम करते, आणि मानेचे पेशंट आले की पुन्हा पुन्हा त्याच कहाण्या ऐकायला येतात, म्हणून आज लिहूनच टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे झाडावरून नाहीतर ट्रॅक्टरवरून माणूस पडला की त्याला लगेच उठवून बसवणं. "बसवा त्याले, पाणी पाजा, मोकळं वाटीन." माझ्याकडे एक पोरगा येतो, चिंचा झोडपायला चढला होता अन् फांदी मोडली. पडल्यावर तो बोलत होता, बोटं हलवत होता असं त्याचा भाऊ सांगतो, फक्त "मान लय दुखते" म्हणे. दोघांनी काखेत हात घालून बसवलं, डोकं मागं लोंबकळलं, मग मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून खड्ड्याखड्ड्यातून आणलं, अन् दवाखान्यात पोचेपर्यंत हातपाय गेले होते. मानेचा मणका मोडला होता. आज तो कोपर वाकवतो, हात तोंडापाशी नेतो, पण बोटात घास धरता येत नाही, त्याची माय चमचा पट्ट्यानं तळहाताला बांधून देते तेव्हा तो जेवतो.

मणका मोडला म्हणजे आतला मज्जारज्जू लगेच गेला असं नसते. मोडलेलं हाड हलवाहलवीत सरकते अन् मग तो चेंगरतो. आणि श्वासाचा पडदा ज्या नसेवर चालतो ती मानेतल्याच तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या नसांपासून बनते, म्हणजे तिथं दुखापत झाली तर श्वासच अडकतो. म्हणून पडलेल्याला आहे तिथंच राहू द्या, "हलू नको भाऊ" म्हणा, डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं धरा, ओढू नका, सरळ करायला जाऊ नका, आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. उलटी आली तर डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवा. मी स्वतः गाडीच्या डिक्कीत दोन जुने टॉवेल ठेवते, गुंडाळून डोक्याच्या दोन्ही बाजूंनी लावायला. अर्धा तास थांबायचा धीर लोकांना नसतो याचा मला खरंच राग येतो.

दुसरं, सलूनात दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेणं. आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला असं लोक समजतात, तो आवाज बहुतेक सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा तयार झाल्याचा असतो, हाड कुठंच बसत नाही. मान जितकी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं वरच्या दोन मणक्यांत होते, आणि मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून चढत जाऊन नेमक्या तिथंच वळसा घेतात. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकते, गुठळी होते, अन् तरण्या माणसाला लकवा मारू शकतो. मान मोडल्यावर चक्कर, उलटी, एकाचे दोन दिसणं, चालताना झोल जाणं यातलं काहीही झालं तर लिंबूपाणी पीत बसू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. मान आखडली असेल तर गरम शेक द्या अन् हळूहळू दोन्हीकडं वळवा, दोन-चार दिवस लागतात, लागू द्या.

मानेच्या मुळाशी मागं जो उंचवटा लागतो तो बहुतेक वेळा सातवा मणका असतो, गाठ म्हणून घाबरू नका अन् चोळत तर बिलकुल बसू नका.

नर्सिंगच्या पोरींनो, नाडी पाहताना गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, मेंदूचं रक्त कमी होते, ठोकेही मंदावू शकतात. एकच बाजू, दोन बोटं, हलक्या हातानं. आणि मणके सात असले तरी मानेच्या नसांच्या जोड्या आठ आहेत, हे पाठ करून टाका.

गळ्यासमोर गाठ दिसली तर पेशंटला घोटभर पाणी गिळायला लावा. गिळताना वर सरकली तर ती बहुतेक थायरॉइडची, नाही सरकली तर वेगळं काही असू शकते. दोन्हींत डॉक्टरला दाखवायचंच, लेप लावून महिना घालवायचा नाही.