फोल्डेबल फोन बिघडला? ग्राहकांनी या चुका टाळाव्यात

ओळखीच्या मंडळींच्या ग्राहक-तक्रारींचे मसुदे मी बराच काळ तपासून देत आलो आहे, आणि फोल्डेबल, म्हणजे पडद्यासकट मधोमध घडी होणाऱ्या, फोनची तक्रार हाती आली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच नेहमीची चूक सापडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ग्राहकाच्या हाती पुरेशी साधने देतो. प्रकरण बिघडते ते बहुधा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, न वाचता केलेल्या सहीने.

या फोनच्या बाबतीत ती सही अधिक महागात पडते, त्याला कारण आहे. बऱ्याच मॉडेलांत आतल्या पडद्याची काच सुमारे ३० मायक्रॉन जाडीची असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा मऊ थर असतो, ज्यावर नखाचीही खूण उमटते. घडीच्या रेषेवर काळी पट्टी उमटली तर ती पडद्यातल्या मूळ दोषाने आली, बिजागरीने दिलेल्या असमान दाबाने आली की आत अडकलेल्या कणामुळे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण असते. अशा वेळी काउंटरवरचा कर्मचारी जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करतानाच्या नोंदीच्या कागदावर, ‘भौतिक नुकसान’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो, आणि वॉरंटीतून बाहेर पडण्याची वाट कंपनीला आयती मिळते.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांचा फोन खरेदीनंतर काही आठवड्यांतच असा काळवंडला. जेवणाच्या सुट्टीत ते घाईने सर्व्हिस सेंटरला गेले, फोन दिला, पुढे आलेल्या कागदावर सही केली आणि कार्यालयात परतले. नंतर दुरुस्तीचा मोठा खर्च कळवणारा संदेश आला, तेव्हा त्यांनी जॉबशीट प्रथमच वाचले. त्यावर ‘चौकटीवर आघाताची खूण, आतल्या पडद्यावर ओरखडे’ असे लिहिलेले होते आणि खाली त्यांचीच सही होती. ती खूण आधीची की सेंटरमध्ये पडलेली, हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीही नव्हते. सुदैवाने, पडद्यावर पट्टी दिसताच त्यांच्या मुलीने फोनचे चारही बाजूंनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले होते. तारीख-वेळेसह ते फोटो आणि बिलाची प्रत जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सविस्तर ईमेल केल्यावर पडदा वॉरंटीत बदलून मिळाला. मुलगी हौशी नसती तर तो खर्च त्यांच्याच माथी बसला असता.

म्हणून माझा शिरस्ता असा आहे की, फोन हातातून सोडण्यापूर्वी तो उघडून, मिटून आणि बिजागरीच्या बाजूने व्हिडिओत टिपावा, शक्यतो काउंटरवरच. जॉबशीटचा प्रत्येक शब्द वाचावा, न पटणारा शेरा खोडायला लावावा. कर्मचारी नकार देत असेल तर सहीशेजारीच ‘हा शेरा मान्य नाही’ असे लिहावे. मागे रांग खोळंबली तरी खोळंबू द्यावी.

दुसरी चूक तर ग्राहक स्वतःच्या हाताने करतो. आतल्या पडद्यावरचा थर घडीपाशी सुटू लागला किंवा त्याखाली बुडबुडा दिसला की तो नेहमीच्या स्क्रीनगार्डसारखा सोलून काढण्याचा मोह होतो. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डच्या बाबतीत काही समीक्षकांनीही हेच केले आणि त्यांचे पडदे निकामी झाले. इतरही बिघाड समोर आल्याने कंपनीने विक्री पुढे ढकलली आणि सप्टेंबरमध्ये त्या थराच्या कडा चौकटीखाली दडवून सुधारित फोन आणला. इतके होऊनही ‘घरच्या घरी पाच मिनिटांत’ असे सांगणारे व्हिडिओ पाहून लोक तो थर ओढतातच, आणि मग वॉरंटी नाकारली म्हणून संतापतात. अशा संतापाला माझ्याकडे फारशी सहानुभूती नाही. थर सुटलेला दिसला की फोटो काढावा, फोनची उघडझाप कमी करावी आणि तो थर अधिकृत सेंटरकडूनच बदलून घेऊन तशी नोंद मागावी.

ऑनलाइन विक्रेत्याने दिलेली सात किंवा दहा दिवसांची ‘रिप्लेसमेंट’ची मुदत उलटली की सगळेच संपले, असे समजून गप्प बसणारेही पुष्कळ आहेत. ती विक्रेत्याच्या धोरणातली मुदत आहे. वॉरंटी त्यानंतरही चालू राहते, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण द्यायचे असते. तेव्हा फोनवर तावातावाने बोलण्याऐवजी लिहून पाठवावे. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घडीची फिकट रेघ हा सहसा दोष मानला जात नाही, त्यावर शक्ती खर्चू नये. पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या ‘आयपीएक्स८’ या मानांकनातला ‘एक्स’ धुळीपासून संरक्षणाचे मानांकन नसल्याचे सांगतो, हे खरेदीपूर्वीच वाचावे. बिल जपावे.

बाहेरच्या दुरुस्ती दुकानात ‘फक्त उघडून बघा’ म्हणून फोन देणे तर साफ चुकीचे आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आधीच कोणी उघडलेल्या फोनवर तिथे काय सिद्ध होणार?

आयोगाकडे जाताना केवळ सर्व्हिस सेंटरला प्रतिपक्ष करू नये. विक्रेता आणि उत्पादक या दोघांची नावे घालावीत. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पहिल्याच बिघाडावर पूर्ण परतावा आणि वर अवाच्या सवा भरपाई मागण्याचा उतावळेपणा मात्र तक्रारीचे वजन घालवतो. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, यांपैकी काहीही आयोग फर्मावू शकतो, पण तोच दोष पुन्हा उद्भवल्याची दोन-तीन जॉबशीटे हाती असली की परताव्याची मागणी जड ठरते. त्यासाठी दर खेपेला तक्रार त्याच शब्दांत नोंदवून घ्यावी, आणि दुरुस्तीऐवजी दुसरा फोन मिळाला तर त्याचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) व वॉरंटीची उरलेली मुदत त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.