कुलूप घ्यायचंय? आधी दार आणि चौकट बघा

घरफोडीची बातमी आली की पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं, बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरटे आत शिरले. कुलूप शिताफीने उघडून कोणी आत आलं असं क्वचितच वाचायला मिळतं. चोराकडे कटावणी असते, वेळ कमी असतो, तो कुलपाशी झटापट करत बसत नाही, कुलूप ज्याला लटकलंय ते उपटतो. आणि आपण मात्र दुकानात जाऊन सगळ्यात जाड, सगळ्यात महाग कुलूप मागतो आणि घरी येऊन ते अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर उभ्या असलेल्या कोयंड्यात अडकवतो. म्हणून खरेदीला निघायच्या आधी दहा मिनिटं आपल्या दाराजवळ उभे राहा.

दार ठोकून बघा, आवाज पोकळ येतो का. बऱ्याच बिल्डिंगमध्ये मेन डोअर फ्लश डोअरच असतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं दार, आतून भरीव असेल तर ठीक, पोकळ असेल तर त्यावर कसलंही लॉक लावा, लाथेने दारच फुटतं. मग चौकटीवरची ती पट्टी बघा, जिच्यात लॉकचा बोल्ट जाऊन बसतो. तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. बहुतेक वेळा तो अर्धा-पाऊण इंचाचा निघतो, म्हणजे सगळा जोर चौकटीच्या लाकडाच्या वरच्या थरावर. सागवानी किंवा दुसऱ्या चांगल्या भरीव लाकडाची चौकट असेल तर सुताराकडून तिथे अडीच-तीन इंची स्क्रू मारून घ्या, आधी बारीक ड्रिलने भोक पाडून, नाहीतर लाकूड तडकतं. जमलं तर पट्टीपण लांब आणि जाड पत्र्याची घ्या. खर्च किरकोळ आहे आणि माझ्या मते नवीन लॉकइतकाच फायदा यात आहे. बिजागऱ्यांचे स्क्रूपण त्याच वेळी बघून घ्या, दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते, ती ठोकून काढता येते का तेही.

आता लॉक. बाहेरून लटकणारं कुलूप मला मेन डोअरला आवडत नाही, त्याचं कारण मजबुतीपेक्षा वेगळं आहे, ते जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की घरात कोणी नाही. गावाला गेलात आणि दाराला आठ दिवस कुलूप लटकतंय, यापेक्षा दारातच बसवलेलं लॉक चांगलं, घरात माणूस आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. त्यात दोन प्रकार जास्त चालतात. एक, दाराच्या आतल्या अंगाला वरून बसवायचं, ज्याला आपण सगळे नाइट लॅच म्हणतो. दुसरं मॉर्टिस, जे दाराच्या जाडीत खाच पाडून आत बसतं. मॉर्टिस दिसायला छान, पण दार ३० मिमीचं असेल तर तेवढी खाच पाडल्यावर लॉकपाशीच दार कमजोर होतं, अशा दाराला वरून बसवायचं मल्टी-बोल्ट लॉक बरं. दाराची जाडी टेपने मोजून लिहून घ्या, दुकानदार पहिलं तेच विचारतो.

नाइट लॅचबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. दार नुसतं ओढून घेतलं की फक्त स्प्रिंगवरची तिरपी जीभ आत बसते, आणि साध्या लॅचची ती जीभ फटीतून प्लॅस्टिकची पट्टी सरकवून मागे ढकलता येते, किल्ली आत राहिली की चावीवाला येऊन मिनिटात दार उघडतो ते असंच. बाहेर पडताना किल्ली फिरवून डबल लॉक केलं की बोल्ट जाम होतो, मग ती पट्टी चालत नाही. भाजी आणायला खाली गेलात तरी किल्ली फिरवा. घेतानाच विचारा, याला डेडबोल्ट, म्हणजे स्प्रिंगवर नसलेला, किल्लीनेच सरकणारा बोल्ट आहे का, किती फेरे फिरतो, बोल्ट किती बाहेर येतो. २० मिमी किंवा जास्त येत असेल तर घ्या.

मॉर्टिस घेत असाल तर सिलिंडरकडे, म्हणजे किल्ली घालतो त्या भागाकडे लक्ष द्या. तो दाराच्या प्लेटच्या बाहेर फार आला तर पकडीने धरून मधोमध मोडता येतो, त्याच्या मध्यावर स्क्रूचं भोक असतं आणि तिथेच तो सगळ्यात कमजोर असतो. २-३ मिमीपेक्षा जास्त बाहेर दिसायला नको, म्हणून सिलिंडर दाराच्या जाडीला मापून घ्यायचा. चांगली गोष्ट ही की तो एका स्क्रूवर असतो, भाडेकरू बदलला किंवा किल्ली हरवली तर पूर्ण लॉक न काढता फक्त सिलिंडर बदला. नवीन फ्लॅटचा ताबा घेतला, इंटिरियरचं काम संपलं, की हे कराच, कारण तोपर्यंत किल्ली सुतार, पेंटर, इलेक्ट्रिशियन अशा किती हातांतून गेली याचा हिशोब कोणाकडेच नसतो.

डिजिटल लॉकबद्दल आजकाल सगळे विचारतात. सोय मोठी आहे, कामवाल्या मावशींना वेगळा कोड देता येतो, मुलं शाळेतून आली की किल्लीची कटकट नाही. पण आतला बोल्ट तेवढाच दणकट आहे का ते आधी बघा, ॲप नंतर. बॅटरी संपली तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा पॉवर बँक लावायची सोय हवी आणि साधी किल्लीही हवी, आणि ती किल्ली घरातल्या कपाटात ठेवू नका, बाहेर जवळच्या माणसाकडे ठेवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं बोट दुकानातच लावून बघा, वयाने किंवा कष्टाच्या कामाने रेषा झिजलेल्या असतात आणि सेन्सर घेत नाही.

दुकानाचं गणित वेगळं. शटर बहुतेकदा मधून उचकटलं जातं, दोन्ही कडांना कुलपं शाबूत आणि मधला पत्रा जॅक लावून वर वाकवलेला. म्हणून साइड लॉकबरोबर सेंटर लॉक पाहिजेच, आणि मध्ये जमिनीत काँक्रीटमध्ये पक्का रोवलेला कोयंडा. कुलूप असं घ्या की त्याचा दांडा कमीत कमी उघडा राहील, गोल चपट्या कुलपात तो जवळजवळ झाकलेलाच असतो, कटरला तोंड घालायला जागाच मिळत नाही. दांड्यावर हार्डन्ड, म्हणजे कडक केलेलं पोलाद, असं लिहिलेलं हवं. कोयंडा आरपार बोल्टने, नट आतल्या बाजूला. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेला लोखंडी कुलूप वर्षभरात जाम होतं, तिथे पितळेचं किंवा स्टेनलेसचं घ्या.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, दुकानात किंवा गोडाऊनमध्ये माणसं झोपत असतील तर बाहेरून कुलूप लावू नका. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीला कापड दुकानाला आग लागली, आत झोपलेले ५ कामगार गेले, दुकान बाहेरून बंद होतं. घरालाही तेच, आतून किल्लीशिवाय उघडेल असंच लॉक हवं, नॉब फिरवला की दार उघडलं पाहिजे, रात्री धुरात कोणी किल्ली शोधत बसू शकत नाही. ग्रिलला कुलूप असेल तर त्याची किल्ली जवळच खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही अशी.

लॉक बसवून झालं की सुतार समोर असतानाच आधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवा, मग दार लावून फिरवा. उघड्या दारात मऊ फिरते आणि बंद दारात अडखळते म्हणजे बोल्ट पट्टीला घासतोय, पावसाळ्यात दार फुगलं की तो अर्धाच आत जाईल, खाच तेव्हाच खोल करून घ्या. किल्ल्यांचं पाकीट सीलबंद आलंय ना ते बघा, सगळ्या किल्ल्या एकेक करून लावून बघा, आणि मगच त्याचे पैसे द्या.