जेम्सटाउनमध्ये पहिलं वर्ष काढायचं असेल तर

समजा मे १६०७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी जेम्सटाउन ही वसाहत करायला उतरलेल्या त्या साधारण १०४ इंग्रजांत तुम्ही आहात. जानेवारी १६०८ पर्यंत त्यातली ३८च उरली, आणि बाकीच्यांतली बहुतेक लढाईत गेली नाहीत, ती गेली तापाने, हगवणीने आणि उपासमारीने. त्यामुळे सोनं शोधायचं नंतर बघू, आधी पाणी.

नदीचं पाणी उन्हाळ्यात अजिबात पिऊ नका. भरतीला ते खारट असतं, ओहोटीला नुसता गाळ आणि घाण, आणि तेच पिऊन माणसं ऑगस्टमध्ये पटापट मेली, त्यात रेशन म्हणजे पाच जणांत मिळून एक छोटा डबा उकडलेले जव. वसाहतीच्या किल्ल्यात विहीर खणली गेली ती थेट १६०९ मध्ये, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी! तुम्ही पहिल्याच महिन्यात खणायला घ्या, आणि संडासाचे खड्डे तिच्यापासून लांब ठेवा.

मग मका. इथे इंग्लंडचं डोकं चालवू नका, इथले मूळ रहिवासी पोव्हाटन लोक करतात तसंच करा. मोठी झाडं तोडत बसायचं नाही, बुंध्याजवळची साल ठेचायची आणि मुळं आगीने पोळायची, झाड उभ्या उभ्या वाळतं आणि पुढच्या वर्षी त्याच्या मधल्या जागेत पेरता येतं. पेरणी म्हणजे आपली टोकणच, काठीने भोक पाडायचं, चार दाणे मक्याचे, दोन घेवड्याचे, दोन भोकांत चार फूट अंतर. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने लावा म्हणजे सगळं एकदम जात नाही. खुरपणी सतत हवी, ताटं कमरेएवढी झाली की मातीची भर द्या. तिथे हे काम बायका आणि पोरं करतात, शिकायचं तर त्यांच्याकडून शिका.

मका संपला तर दलदलीत टकाहो नावाचा कंद मिळतो. हा अळू-सुरणाच्याच कुळातला, त्यामुळे खाज कशी सुटते ते तुम्हाला सांगायला नको, पण हा कच्चा खाल्ला तर विषच समजा. खड्ड्यात ओकची पानं आणि नेचे घालून वर माती लोटायची, दोन्ही बाजूंनी चोवीस तास जाळ ठेवायचा, तरी घसा टोचला तर काप करून उन्हात वाळवा आणि पिठात मिसळून खा. वसंतात स्टर्जन मासा येतो, खाडीच्या तोंडाशी कालवं आहेत.

साठवलेलं धान्य दर आठवड्याला उघडून बघा प्लीज. १६०९ मध्ये पिंपं उघडली तर अर्धा मका कुजलेला आणि उरलेला जहाजातून आलेल्या उंदरांनी खाल्लेला. तेव्हा वसाहतीचा प्रमुख जॉन स्मिथ याने माणसं गटागटाने पांगवली, काही कालवांवर, काही मासेमारीला, आणि जो काम करणार नाही त्याला खायला नाही हा नियम आजारी सोडून सगळ्यांना लावला. कडक वाटतो पण मला तो पटतो, कारण त्या गर्दीत हाताला काम माहीत नसलेले साहेबलोक खूप होते.

आणि जमीन पोव्हाटन लोकांची आहे हे विसरू नका. त्या वर्षांत भयंकर दुष्काळ होता, त्यांच्याकडेही मका जेमतेमच होता, तरी इंग्रज बंदूक दाखवून मागत राहिले आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात किल्ल्याला त्यांचा वेढा पडला, नंतर आलेली माणसं धरून आत असलेल्या साधारण ३०० पैकी ६० वाचले. तांबं देऊन सौदा करा, आणि त्यांनी मका नाही म्हटलं तर गुपचूप परत फिरा.