झेंडू, डाळिंब आणि हिराकस: हाताने रंगवलेले सुती कापड विक्रीयोग्य कसे करावे

दसरा-दिवाळीनंतर उरलेल्या झेंडूतून किंवा फळांचा रस विकणाऱ्याकडून आणलेल्या डाळिंबाच्या सालीतून ओढणीला सुरेख पिवळा रंग आणणे फारसे अवघड नाही. तोच रंग पुढच्या महिन्यात पुन्हा आणणे, तो दहा धुण्यांनंतर टिकवणे आणि त्या ओढणीची योग्य किंमत ठरवणे मात्र बऱ्याच जणांना जमत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच सवयीवर अवलंबून असतात. प्रत्येक वस्तू तोलून घ्यावी आणि वहीत लिहून ठेवावी. या लेखातील सर्व प्रमाणे एक किलो कोरड्या सुती कापडासाठी, म्हणजे मलमलीच्या साधारण पाच ओढण्यांसाठी दिलेली आहेत.

कापड शंभर टक्के सुती असावे. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडावर हे रंग धरत नाहीत. दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा चार धागे काढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. कोऱ्या कापडात खळ, मेण आणि तेलाचा अंश असतो. तो निघाला नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. त्यासाठी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी २० ते ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या भरपूर पाण्यात तासभर उकळावे. स्वच्छ दिसणाऱ्या कापडातूनही चहासारखे तांबूस पाणी निघते. कापड वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा वर न राहता तत्काळ आत शोषला गेला, तर कापड तयार आहे असे समजावे. अन्यथा पुन्हा उकळावे.

भांडी स्टेनलेस स्टीलची असावीत आणि ती स्वयंपाकघरात परत जाऊ नयेत. लोखंड, तांबे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे स्वतःच रंगात ढवळाढवळ करते. पाण्याकडे त्याहून अधिक लक्ष द्यावे लागते. बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असेल, तर हिरडा लावलेले कापड त्यात बुडवताच करडी झाक येते आणि पिवळा रंग मळकट दिसतो. अशा ठिकाणी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

हिरडा आणि तुरटी

वनस्पतींचे बहुतेक रंग सुती धाग्याला थेट चिकटत नाहीत. त्यांना धरून ठेवण्यासाठी आधी कापडावर टॅनिन, म्हणजे फळा-सालींतला तुरट अंश, आणि मग तुरटी बसवावी लागते. टॅनिनसाठी आपल्याकडे हिरडा सहज मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात आदिवासी कुटुंबे गोळा करतात तो बाळहिरडा, म्हणजे कोवळे फळ, मुख्यतः औषधासाठी जातो. रंगकामाला पक्व, मोठे फळ घ्यावे आणि बी काढून त्याच्या सालीची भुकटी करावी. १५० ते २०० ग्रॅम भुकटी गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी. त्या पाण्यात कापड दोन तास पूर्ण बुडवून ठेवावे आणि अधूनमधून वर-खाली करावे. नंतर ते पिळून, न धुता, उन्हात पसरून वाळवावे. दुमडलेला भाग राहिला, तर तिथे पट्टा उठतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

यानंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवावी आणि वेगळ्या पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम धुण्याचा सोडा तिच्यात हळूहळू ओतावा. फेस जोराने वर येतो, म्हणून भांडे अर्ध्याहून अधिक भरलेले नसावे. फेस बसल्यावर हिरड्याचे वाळलेले कापड पुन्हा ओले करून त्यात घालून, पाणी गरम पण न उकळते ठेवून, तासभर हलवावे आणि रात्रभर तसेच मुरू द्यावे. सकाळी हलकेच एका पाण्यातून काढले की पुरे. घाईने या दोन पायऱ्या एका दिवसात उरकणाऱ्यांचे रंग पहिल्या धुण्यातच उतरतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या फुलांना दिला जातो.

रंग काढणे आणि चढवणे

देवळातून किंवा बाजारातून आणलेला झेंडू निवडून घ्यावा. दोरा, हिरवे देठ आणि कुजलेली फुले काढून टाकावीत आणि केवळ पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. कडकडीत वाळलेल्या पाकळ्या हवाबंद डब्यात दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे सणानंतर फुले मातीमोल होतात तेव्हाच साठा करून ठेवावा. एक किलो कापडाला ४०० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या घेऊन मंद आचेवर पाऊण तास ठेवाव्यात. खळखळ उकळल्यास पिवळ्याचा तपकिरी होऊ लागतो. डाळिंबाची साल मात्र उकळीला घाबरत नाही. ३०० ते ४०० ग्रॅम वाळलेली साल रात्रभर भिजवून तासभर चांगली उकळावी. झेंडू उजळ आणि उबदार पिवळा देतो, तर डाळिंब थोडा मातकट पिवळा देते. विक्रीच्या दृष्टीने मला डाळिंब अधिक भरवशाचे वाटते, कारण सालीतच टॅनिन असते आणि रंग पक्का बसतो.

गाळलेल्या रंगात कापड ओले करूनच सोडावे. कोरडे कापड सोडले तर डाग पडतात. पाणी कोमट असताना सुरुवात करून हळूहळू उष्णता वाढवावी, तासभर सतत हलवावे आणि आच बंद करून त्याच पाण्यात कापड गार होऊ द्यावे. नंतर पिळून सावलीत वाळवावे आणि शक्य असल्यास आठवडाभर तसेच ठेवून मगच धुवावे.

हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट), ही या कामातील सर्वांत मजेची आणि तितकीच धोक्याची वस्तू आहे. वेगळ्या बादलीत, कोमट पाण्यात केवळ १० ते २० ग्रॅम हिराकस विरघळवून त्यात रंगवलेले पिवळे कापड सोडले की काही सेकंदांत त्यावर हिरवट सावली पसरू लागते आणि पाच-सात मिनिटांत झेंडूचा मेंदी हिरवा, डाळिंबाचा गडद शेवाळी होतो. तुरटी न लावता केवळ हिरडा दिलेले कापड याच पाण्यात करडे ते काळे होते. कापड बुडवल्यापासून काढेपर्यंत ते हलते ठेवावे, कारण जो भाग आधी भिजतो तो आधी काळवंडतो. अधिक गडद रंगाच्या मोहाने प्रमाण वाढवू नये. जास्त लोहाने सुती धागा खरखरीत होतो आणि कालांतराने जीर्ण होऊन फाटतो. हिराकसच्या कामाची बादली, काठी आणि हातमोजे यांच्यावर खूण करून ते बाजूला ठेवावेत, कारण त्यांचा एक शिंतोडाही पिवळ्या ओढणीवर कायमचा डाग ठेवतो. ही भुकटी मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी असावी, आणि कोणतीही भुकटी हाताळताना नाकावर मास्क असावा.

लाल छटेसाठी मंजिष्ठा या वेलीच्या मुळांची भुकटी वापरावी, पण तिचे पाणी फार तापू देऊ नये, नाहीतर विटकरी लाल रंगात तपकिरी झाक येते. नीळ पाण्यात विरघळत नसल्याने तिचे तंत्र संपूर्ण निराळे आहे आणि ते या पद्धतीत बसत नाही. हळद आणि पळसाची फुले यांचे रंग डोळ्यांत भरतात, परंतु उन्हात लवकर उडतात. घरच्या हौसेसाठी ते ठीक आहेत, पैसे घेऊन विकू नयेत.

विकण्यापूर्वीची परीक्षा

प्रत्येक घाण्यातून हातभर कापड बाजूला काढून त्याचे चार तुकडे करावेत. पहिल्या तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याखाली झाकून तो दोन आठवडे दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवावा. दुसऱ्या तुकड्याला पांढरे सुती कापड टाचून ते साबणाच्या कोमट पाण्यात तीन वेळा धुवावे. तिसऱ्यावर ओला पांढरा रुमाल जोराने वीस वेळा घासावा. उन्हातला भाग झाकलेल्या भागापेक्षा स्पष्ट फिका पडला, किंवा पांढऱ्या कापडावर रंग उतरला, तर तो घाणा विक्रीला काढू नये. उरलेला तुकडा वहीत चिकटवून शेजारी कापडाचे वजन, पाणी कुठले, प्रत्येक वस्तूचे ग्रॅम, लागलेला वेळ आणि तारीख लिहावी. ग्राहक सहा महिन्यांनी ‘हाच रंग आणखी चार हवेत’ म्हणून येतो तेव्हा ही वहीच उपयोगी पडते.

किंमत, चिठ्ठी आणि बाजार

किंमत ठरवताना तीच वही उघडावी. समजा एका ओढणीचे कापड १८० रुपयांचे, रंग आणि तुरटी-हिरडा २५, गॅस १५ आणि वेष्टन २० रुपयांचे आहे. पाच ओढण्यांच्या घाण्याचे प्रत्यक्ष कामाचे तास पाचने भागून एका ओढणीला सव्वा तास आला आणि तासाला १२० रुपये धरले, तर मजुरी १५० रुपये होते. एकूण ३९० रुपये झाले. डाग पडलेल्या नगांसाठी दहा टक्के धरले की ४२९, म्हणजे ४३० रुपये. त्यावर १५ टक्के नफा धरला तर सुमारे ४९५ रुपये आपल्या हाती यायला हवेत. दुकान विक्री किमतीच्या ४० टक्के ठेवून घेणार असेल, तर छापील किंमत ८२५ रुपये असली पाहिजे. स्वतःच्या घरून किंवा प्रदर्शनात विकतानाही हीच किंमत ठेवावी. तिथे वाचणारी रक्कम स्टॉलचे भाडे, प्रवास आणि दिवसभर उभे राहण्यात जाते, शिवाय आपणच स्वस्त विकले तर दुकानदार पुन्हा माल घेत नाही. ‘घरचेच काम आहे’ असे म्हणून मजुरी शून्य धरण्याची पद्धत, विशेषतः बायकांच्या कामात, इतकी रुजली आहे की ती मोडायला स्वतःशीच भांडावे लागते.

चिठ्ठीवर खरे तेवढेच लिहावे. यंत्रमागावरच्या कापडाला हातमाग म्हणू नये, आणि ‘खादी’ हा शब्द खादी मार्कच्या नियमांखाली येत असल्याने प्रमाणपत्राशिवाय वापरू नये. तुरटी आणि हिराकस हीसुद्धा रसायनेच आहेत, त्यामुळे ‘रसायनमुक्त’ऐवजी ‘वनस्पतिजन्य रंग’ हे शब्द अधिक प्रामाणिक ठरतात. रिठ्याने किंवा सौम्य साबणाने वेगळे धुवावे, सावलीत वाळवावे, लिंबू किंवा व्हिनेगर सांडू देऊ नये, एवढी सूचना अवश्य छापावी. शेवाळी किंवा करड्या रंगावर लिंबाचा थेंब पडला की तिथे फिका ठिपका उमटतो, आणि ते आधी न सांगितल्यास तक्रार हमखास येते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. वस्तूंची विक्री राज्यातल्या राज्यात आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात किंवा ऑनलाइन बाजारपेठेतून विकण्यापूर्वी मात्र हिशेबनिसाला विचारून घ्यावे. बचत गटातील महिलांसाठी मुंबईचे महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा ही परिचित प्रदर्शने आहेत. तिथे अर्ज करण्यापूर्वी किमान दोन-तीन रंग असे तयार असावेत की त्यांचे वीस-पंचवीस नग एकसारखे देता येतील. मोठ्या मागणीला होकार देण्याआधी दोन घाण्यांचे तुकडे शेजारी ठेवून पाठवावेत आणि त्यांतील फरक मान्य असल्याचे लेखी घ्यावे. पावसाळ्यात हिरड्याचे कापड नीट वाळत नाही आणि त्याला बुरशी लागते, म्हणून दिवाळीच्या मालाचे हिरडा-तुरटीपर्यंतचे काम मे महिन्यातच उरकून, कापड कोरडे घडी घालून ठेवावे.