जुनी स्पोर्ट्स सेडान घेताय? मजा आणि खर्चाच्या हिशेबात या चुका टाळा

नवी असताना आवाक्याबाहेर असलेली गाडी दहा-बारा वर्षांनी साध्या फॅमिली कारच्या भावात दिसू लागली, की कुणाचंही मन चळतं. चार दरवाजे, मोठी डिकी, मागे मुलांना ऐसपैस जागा आणि पुढे आठ सिलिंडरचं इंजिन! मन चळण्यात गैर काहीच नाही. या गाड्या चालवायला खरोखर सुंदर असतात, आणि त्या घेऊच नका असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण घेणारे फसतात ते बहुतेक एकाच समजुतीमुळे. एका पारड्यात चालवण्याची मजा, दुसऱ्यात मेंटेनन्सचा खर्च, असा तराजू ते मनात धरून बसतात. ती मजा राहते कुठे? सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांत, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये, टायरमध्ये, ताज्या ऑइलमध्ये. म्हणजे जिथे पैसा जातो, तिथेच.

चूक पहिली: गाडीच्या आजच्या किमतीवरून खर्च ठरवणे

गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. २००५ ते २०१० दरम्यान बनलेली बीएमडब्ल्यू एम५ (ई६० हे त्या पिढीचं सांकेतिक नाव) घ्या: ५ लिटरचं व्ही१० इंजिन, ५०७ हॉर्सपॉवर. आज ती कितीही स्वस्तात मिळो, तिचे ब्रेक, क्लच आणि टायर ५०७ हॉर्सपॉवरच्या गाडीचेच लागतात. म्हणून खर्चाचा अंदाज बांधताना ती गाडी नवी असतानाची किंमत डोळ्यांसमोर ठेवा. माझा स्वतःचा नियम असा, की जेवढे पैसे हाताशी आहेत त्यातला चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात गाडी बसवायची. बसत नसेल, तर एक पायरी खालचं मॉडेल बघायचं.

चूक दुसरी: बॅज बघणे, इंजिन न बघणे

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकाच मॉडेलमध्ये दोन इंजिनं म्हणजे दोन वेगळे संसार असतात. ई९० पिढीच्या बीएमडब्ल्यू ३३५आयमधलं सुरुवातीचं एन५४ इंजिन दोन टर्बोंचं. ताकद भरपूर, पण हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर आणि वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) खडखडाट ही त्याची जगजाहीर दुखणी. त्याच पिढीतल्या सुरुवातीच्या ३३०आयचं एन५२ टर्बोशिवायचं आहे. त्यालाही इलेक्ट्रिक वॉटर पंप कधीतरी बदलावा लागतो, पण दुखण्यांची यादी बरीच आखूड.

ऑडी एस४ची बी६ आणि बी७ पिढी बघा. तिच्या ४.२ लिटर व्ही८मध्ये टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळ्या) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहेत. चेनला आधार देणारे प्लॅस्टिकचे गाइड झिजले, की थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद खळखळ ऐकू येते. गाइड म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पण तिथवर हात पोहोचायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. या गाड्यांमध्ये बिल अनेकदा भागाचं नसतं, त्या भागापर्यंत पोहोचण्याचं असतं. म्हणून ‘हा पार्ट केवढ्याला?’ यासोबत ‘हा बदलायला काय काय उघडावं लागतं?’ हेही विचारा.

मर्सिडीज सी६३ एएमजीच्या डब्ल्यू२०४ पिढीतलं ६.२ लिटरचं एम१५६ इंजिन कानाला स्वर्ग आहे. मात्र सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर हेडचे बोल्ट तुटण्याची तक्रार होती. ते बदलल्याचं बिल कागदांत आहे का, हे आधी बघा. ई९० पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३च्या व्ही८मध्ये कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा प्रश्न आहे. जाणकार ती बेअरिंग बिघडायची वाट न बघता आधीच बदलून घेतात, आणि ज्या मालकाने ते केलंय त्याच्या गाडीला मी खुशीने जास्त पैसे देईन.

ऑडी आरएस४च्या बी७ पिढीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. हवेच्या दाबाने अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ती काढतात. हा बिघाड नाही, ठरावीक काळाने करायची सफाई आहे. ती हिशेबात धरली की धक्का बसत नाही.

चूक तिसरी: गरम इंजिनवर टेस्ट ड्राइव्ह

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. चेनची खळखळ, टर्बोच्या सीलमधून येणारा निळसर धूर, अडखळणारं आयडलिंग हे सगळं पहिल्या मिनिटातच कळतं, नंतर झाकलं जातं.

थंड इंजिन विकणाऱ्याचा स्वभावही दाखवतं. बीएमडब्ल्यू एम३ आणि एम५च्या काही पिढ्यांत आरपीएमच्या काट्याभोवती दिवे असतात. ऑइल थंड असताना वरचे बरेच दिवे पेटलेले असतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात. म्हणजे गाडीच सांगत असते, इतक्यात पिळू नकोस. ते पेटलेले असताना मालक तुम्हाला जोर दाखवायला गाडी पिळत असेल, तर सर्व्हिसचे कागद कितीही चकचकीत असोत, मी परत फिरतो.

चूक चौथी: थकलेल्या सस्पेन्शनला गाडीचा स्वभाव समजणे

माझी स्वतःची सहा सिलिंडरची सेडान घेतली तेव्हा ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायचं. आधीच्या मालकाने त्यासाठी दोनदा ब्रेक डिस्क बदलल्या होत्या, तशी बिलंही होती. मीही तिसऱ्यांदा बदलायच्या बेतात होतो. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, पुढच्या कंट्रोल आर्मच्या (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याच्या) द्रव भरलेल्या बुशाशी लांब पहार लावली आणि हलकेच दाबली. रबर मधोमध फाटून उघडलं, आतला काळा-तेलकट द्रव त्याच्या मनगटावर ओघळला. ‘हे बघा, डिस्क बिचाऱ्या चांगल्या आहेत,’ एवढंच तो म्हणाला.

दोन्ही बाजूंचे बुश आणि चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून झाल्यावर मी पहिल्याच वळणावर अवाक् झालो. स्टिअरिंग बोलू लागलं होतं. वर्षभर मी एका थकलेल्या गाडीला ‘जुनी झाली, एवढंच मिळणार’ म्हणत होतो. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की ताज्या सस्पेन्शनची मध्यम ताकदीची सेडान सैल बुशांच्या ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आनंद देते.

चूक पाचवी: टायर आणि ऑइलकडे काणाडोळा

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा. चारही टायरचे आकडे वाचा. चार चाकांवर चार कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले, तर त्याच मालकाने न दिसणाऱ्या ठिकाणीही हात आखडलेला असणार.

गिअरबॉक्सच्या ‘लाइफटाइम’ ऑइलवर तर अजिबात विसंबू नका. अनेक गाड्यांत येणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं.

ट्यूनिंग केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला फेरफार केलेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. काम कुणी केलं आणि कशाचं केलं याचे कागद नसतील, तर घेऊ नका.

चूक सहावी: स्वतःच्या वापराकडे न बघणे

रोज दहा मिनिटांचा गर्दीतला प्रवास असेल, तर ऑइल पुरतं तापतच नाही. ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन तिथे नुसतं झिजतं आणि तुम्हाला त्यातलं काहीच मिळत नाही. त्याच रस्त्यावर कमी ताकदीची, हलकी, मॅन्युअल गिअरची सेडान दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येही मन भरून टाकते.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला मोकळा हायवे मागू नका. तुमचा रोजचा रस्ता मागा, सिग्नल आणि खड्ड्यांसकट. चाळीसच्या वेगात, साध्या वळणावर गाडी हाताला गोड लागली, तर ती लिफ्टवर घ्यायला सांगा आणि पहार मागवा.