जपानला नवीन आलात? वाचायला शिकायची सुरुवात घरातल्या कागदांपासून करा

इथे नवीन आलेल्या मराठी मंडळींना मी सगळ्यात आधी हेच सांगते, बोलायचं हळूहळू जमेल, वाचायला मात्र पहिल्या आठवड्यापासून लागा. ऑफिसात इंग्लिश चालतं, टोकियोत निशिकासाईसारख्या भागात राहत असाल तर हिंदी-मराठीतसुद्धा अख्खा दिवस निघतो. पण पत्रपेटीतले कागद, कचऱ्याचं वेळापत्रक, पाकिटामागचे घटक, मुलांच्या शाळेतून येणारे प्रिंट, हे वाचता आलं नाही की प्रत्येक वेळी कुणाला तरी फोटो पाठवून विचारावं लागतं आणि ती सवय एकदा लागली की वर्षानुवर्षं सुटत नाही, असे लोक मी इथे खूप बघितलेत.

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चार दाखवणाऱ्या लिप्या, दोन्हीत मूळ अक्षरं ४६-४६. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही संपवा, यावर जास्त वेळ घालवू नका. आपल्याला इथे खरंच फायदा आहे. आ-इ-उ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलाय, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो. प-वर्गाच्या जागी हा ची ओळ का, तर पूर्वी त्या ओळीचा उच्चार प सारखा होता, आणि आजही त्याच अक्षरांना खुणा लावून बा आणि पा होतात. एवढं कळलं की पाठांतर निम्मं होतं. काताकानात शि-त्सु आणि न-सो यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो, त्यासाठी हाताने लिहा: शि आणि न ची शेवटची रेघ खालून वर जाते, त्सु आणि सो ची वरून खाली. आणि अक्षरांच्या डोक्यावर रोमन किंवा देवनागरी लिहून ठेवायचं पहिल्या महिन्यानंतर बंद करा, नाहीतर डोळा तिकडेच जातो.

आता कांजी, म्हणजे चिनीतून आलेली, अर्थ सांगणारी चिन्हं. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २१३६ आहेत, त्यातल्या १०२६ प्राथमिक शाळेतच शिकवतात, पहिलीला ८०. आकडे बघून बरेच जण यादी घेऊन बसतात, एका कांजीचे चार-पाच उच्चार पाठ करतात आणि महिनाभरात सोडून देतात. माझं ठाम मत आहे की सुटी कांजी पाठ करू नका, शब्द पाठ करा. निशिकासाई स्टेशनची पाटीच घ्या ना. तीन कांजी, त्यात पहिली आणि शेवटची एकच, पश्चिम. पहिल्या जागी तिचा उच्चार निशि, शेवटी साई, आणि ज्या लाईनवर हे स्टेशन आहे त्या तोझाई म्हणजे पूर्व-पश्चिम लाईनच्या नावात तीच झाई होते. यादीतून हे तीन उच्चार पाठ करायला गेलात तर चार दिवसांत विसराल, पण रोज ती पाटी बघून चढता-उतरता तर आपोआप बसतं. तिथेच उत्तर आणि दक्षिण गेटच्या पाट्या आहेत, म्हणजे चारही दिशा झाल्या.

दुसरा धडा कचऱ्याचं कॅलेंडर. वारांच्या सात कांजी त्यात आहेत आणि आपले वार माहीत असतील तर त्या फुकटात मिळतात: सूर्य, चंद्र, मग अग्नी, पाणी, लाकूड, सोनं, माती. जपानीत मंगळ ग्रह म्हणजे अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. रविवार ते शनिवार क्रम तोच. हे कॅलेंडर फ्रीजवर लावा आणि आज कुठला कचरा ते फोन न काढता वाचा.

शाकाहारी असाल तर पाकिटामागचा मजकूर हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा धडा. गेन्झाइर्योमेइ म्हणजे घटकांची यादी, जास्त वजनाचा घटक आधी. मांस म्हणजे निकु, ती कांजी पहिल्या दिवशी शिका, मग बुता, ग्यु, तोरि म्हणजे डुक्कर, गाय-बैल, कोंबडी, अंड्याची तामागो. काताकानात एकिसु (अर्क) आणि झेराचिन (जिलेटिन) दिसलं की थांबा, हिरागानात कात्सुओ दिसलं तर तो मासा आहे. नुसती ॲलर्जीची चौकट बघून घेऊ नका हं, कात्सुओ त्या चौकटीत नसतो, पूर्ण यादीच वाचायची.

शंभरेक कांजी झाल्या की त्यांचे तुकडे बघायला लागा. एक तुकडा बहुतेक वेळा अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. सूर्याच्या शेजारी देऊळ काढलं की वेळेची कांजी होते आणि तिचा उच्चार जि देवळाकडूनच येतो. प्रत्येक वेळी असं जमत नाही, पण नवीन शब्दाचा अंदाज करायला खूप मदत होते.

रोजचा अभ्यास थोडा पण न चुकता. आंकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप घ्या, त्यात रोज २० नवीन कार्ड आधीच सेट असतात, ते कमी करून ७-८ वर आणा, कारण जुन्यांची उजळणी साठत जाते आणि त्या ढिगाऱ्याला घाबरूनच लोक ॲप उघडायचं सोडतात. ट्रेनमध्ये आधी उजळणी, मग नवीन. कार्डावर तुम्ही स्वतः कुठेतरी बघितलेला शब्द असावा, शक्यतो त्या अख्ख्या वाक्यासकट. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा, हरकत नाही, पण आधी स्वतः वाचून अंदाज बांधायचा आणि मग कॅमेरा, उलट नाही. अनोळखी कांजी बोटाने काढून शोधता येते, त्यासाठी रेघांचा क्रम यायला हवा, म्हणून थोडं लिहाच. शंभर येनच्या दुकानात शाळेतल्या मुलांच्या सरावाच्या वह्या मिळतात, मूल शाळेत असेल तर त्याच्याबरोबर बसून लिहा, दोघांचंही होतं.

वाचायला काय घ्यायचं? लोक लगेच लहान मुलांची चित्रपुस्तकं आणतात, पण त्यात सगळं हिरागाना आणि आवाजाचे विचित्र शब्द, मोठ्यांना ती अवघडच जातात. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार लिहिलेल्या छोट्या गोष्टी लायब्ररीत शोधा, वॉर्डाच्या लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं. मग एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सोप्या जपानीतल्या बातम्या, त्यात कांजीवर फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरात हिरागानातला उच्चार, असतो. वॉर्ड ऑफिसात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकांचे फुकट किंवा अगदी स्वस्त वर्ग असतात, तिथे तुम्हाला आलेलं पत्र घेऊन जा आणि त्यांच्यासमोर वाचा, पुस्तकातल्या धड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, फॉर्म काही महिने आधीच भरावे लागतात. तिच्या पातळ्या एन५ (सगळ्यात सोपी) ते एन१, त्यातल्या एन३ पासून वर रीडिंगला वेगळे ६० मार्क आहेत आणि त्यात किमान १९ नाही मिळाले तर एकूण बेरीज कितीही असो, नापास. तेव्हा एन३ चा फॉर्म भरण्याआधी घड्याळ लावून लांब उतारे वाचायचा सराव सुरू झालेला असू द्या.